भागाकाराआधी शून्य तपास

पोरी, प्रोजेक्टसाठी राईहून उत्तनला मासळीची वजनं घ्यायला जाणार आहेस, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. समज, बोंबलाची सरासरी १०० ग्रॅम आणि प्रमाण विचलन २० ग्रॅम निघालं. सुरमईची सरासरी २ किलो, विचलन २०० ग्रॅम. नुसतं विचलन बघशील तर सुरमईत दहापट फरक वाटेल. सरासरीने भागून शंभराने गुण. बोंबील २० टक्के, सुरमई १० टक्के. म्हणजे जास्त एकसारखी सुरमईच. हा विचलन गुणांक. कार्ल पिअर्सनने १८९६ मध्ये मांडला. ग्रॅम, किलो, सेंटीमीटर सगळं यात गळून पडतं, म्हणून वेगवेगळ्या गोष्टी शेजारी ठेवता येतात.

पण भागण्याआधी शून्य बघायचं. ताटलीचं ५० ग्रॅम वजा न करता बोंबील तोललेस तर सरासरी १५० होईल, विचलन मात्र २०च राहील आणि गुणांक घसरून १३ टक्क्यांवर येईल. मासळी तीच, फक्त काट्याचं शून्य चुकलं. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचं शून्य तर मुळातच खरं शून्य नाही. सरासरी ३० अंश सेल्सिअस, विचलन ३, म्हणजे १० टक्के. तेच फॅरनहाइटमध्ये ८६ आणि ५.४, म्हणजे सव्वासहा टक्के. ऊन एकच आणि उत्तरं दोन! तिथे हे माप लावूच नकोस.

पावसाला खुशाल लाव. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी सुमारे ८७ सेंटीमीटर, गुणांक १० टक्क्यांच्या आसपास. मराठवाड्यात तो बराच जास्त, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं वर्ष सरासरीपेक्षा त्यावरच ठरतं. आपल्याकडच्या जानेवारीच्या पावसाला मात्र नको. सरासरी शून्याला टेकलेली, टक्के कुठल्या कुठे जातात. नफातोट्यालाही तेच.

पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीसंशोधकांसाठीचं १९५४ चं संख्याशास्त्राचं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाच. शेतातल्या प्रयोगात गुणांक फार चढला, तर जमीन सारखी होती का, कापणी नीट झाली का, हे आधी पाहतात. तूही बारकी-मोठी मासळी एकत्र तोलू नकोस.

आणि तक्त्यात गुणांक एकटा लिहू नकोस. सरासरी, विचलन आणि नग किती तोलले, तिन्ही शेजारी लिही. थोडेच नग असतील तर विचलन काढताना नगसंख्येतून एक वजा करून भाग.