विळ्याची मूठ

धान कापणीचे दिवस आले. आढ्याला खोचलेला विळा आपण खाली काढतो. गंज चढू नये म्हणून त्याला तेल लावलेले असते. ते बरोबरच आहे. पण मूठ सैल झाली असेल, तर तेच तेल घात करते.

मूठ बसवायला लाख कामी येते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पळस आहे, कुसुम आहे. लाखेचे किडे या झाडांचा रस पितात आणि अंगाभोवती चिकट कवच करतात. तीच लाख. तापली की मऊ होते, निवली की कडक होते.

मग मूठ चार दिवसांत का निघते? लाख लोखंडाला भिडली, तरच धरते. मधे तेल असले, की लाख तेलावर बसते. तेल सरकते, लाखही सुटते. दुकानातल्या दोन नळ्यांच्या एपॉक्सीचेही बहुधा असेच होते. मोटारींच्या कारखान्यात भट्टीत पक्की होणारी खास चिकटद्रव्ये थोडे तेल शोषून घेतात. लाखेवर तसा भरवसा ठेवू नये.

म्हणून आपण असे करू या. पात्याची मुठीत जाणारी शेपटी आधी खरवडू. जुनी लाख आणि गंज काढू. मुठीचे भोकही आतून खरवडू. मग शेपटी राख किंवा धुण्याचा सोडा लावून घासू आणि धुऊ. नुसते रॉकेल पुरत नाही; त्याचाही थर मागे राहतो.

आता परीक्षा. शेपटीवर पाणी ओता. धोप्याच्या पानावर होतात तसे थेंब झाले, तर तेल आहे. पुन्हा घासा. पाणी सारखे पसरले, तर तेल गेले. मग शेपटी वाळवा. तिला बोट लावू नका. आपल्या हातालाही तेलकटपणा असतो.

भोकात लाखेचा चुरा भरा. पात्याला ओले फडके गुंडाळा, नाहीतर आचेने धार नरम होईल. फक्त शेपटी तापवा, भोकात दाबा आणि पूर्ण निवू द्या.

ओळीत कापताना पाते निसटले, तर आपला पाय कापतो, नाहीतर शेजारणीचा हात. घटकाभराच्या घासण्याने ते टळते.

सांगा पाहू : पाण्याचे थेंब झाले, तर काय समजावे?