टायर घेताना मामाचं एवढं ऐक

भाच्या, मागचा टायर बदलायला निघालायस आणि मित्र म्हणतायत “रुंद टाक, भारी दिसेल”, असं तुझी आई सांगत होती. दिसेल भारीच. पण दुकानात जायच्या आधी पाच मिनिटं माझ्याजवळ बस.

१. जुन्या टायरच्या बाजूवरचे आकडे कागदावर उतरवून ने. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ९० टक्के, रिम १७ इंची — कागद हातात असला की “हाच बसतो सगळ्यांना” म्हणणाऱ्यापुढे भीड पडत नाही.

२. रुंद टायरचा मोह मलाही झाला होता. शंभरच्या जागी एकशेवीसचा बसवला आणि भर पावसात ताम्हिणी उतरलो. वळणावर गाडी आधी हटून उभीच राहायची, मग एकदम झुकायची. मागे बसलेली तुझी मामी घाट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. टायर रुंद, वळण मंद — अरुंद रिम रुंद टायरच्या कडा आत ओढते, माथा टोकदार होतो, आणि सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा उलट बारीक होतो. म्हणजे पकडीसाठी पैसे मोजायचे आणि तीच घालवायची. गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच माप घे.

३. तरीही १२०/८०-१७ घेतलासच, तर चाक हाताने फिरवून बघ, मग मागे कोणाला बसवून पुन्हा बघ — टायर दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर पसरतो, साखळीला नाहीतर मडगार्डला घासू शकतो.

४. मापाशेजारी ६२पी असं काही असेल. ६२ म्हणजे २६५ किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. याहून खालचा घेऊ नकोस — दिवाळीला आईला मागे बसवून फराळाचे डबे घेऊन तूच येणार आहेस.

५. बाजूवरचा बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा — नक्षी पाणी बाहेर फेकायला तशी कापलेली असते.

६. टायर बसला की रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसते का, ते वाकून बघ. कुठे आत दबली असेल तर हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांग, लाजू नकोस — वाकडा बसलेला टायर उड्या मारत फिरतो.

७. साखळी ताणायच्या खुणा दोन्ही बाजूंना एकाच रेघेवर आहेत ना, ते तिथेच तपास — चाक तिरकं राहिलं की गाडी एका अंगाला ओढते आणि साखळीही लवकर झिजते.

८. हवा थंड टायरमध्ये, गेज लावून. अंगठ्याने दाबून नाही. सकाळची हवा खरी, दुपारची फुशारी — तापलेला टायर आकडा फुगवून दाखवतो.

९. पहिले शंभरेक किलोमीटर सावकाश, वळणावर जास्त झुकू नकोस — नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर घासून जायचा असतो.

जुना टायर दुकानात टाकून येऊ नकोस. मधेच चपटा झालाय की एका कडेला जास्त झिजलाय, ते मला बघायचंय. रविवारी घेऊन ये, मामीने थालीपीठ करायचं कबूल केलंय.