मोह गेला, आठवण आली



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७३

गीतेच्या शेवटी अर्जुन कृष्णाला सांगतो, की त्याचा मोह गेला, हरवलेली स्मृती परत आली आणि आता तो कामाला उभा आहे. इथे मोह आणि स्मृती समोरासमोर आहेत. एक गेला तेव्हा दुसरी आली. आपण मात्र दोन्ही एकच समजतो.

मागे अलिबागच्या घरी पोटमाळा आवरताना लहानपणीचा स्लॉट कारचा सेट सापडला. काकांनी आखातातून आणलेला. हा खेळ इंग्लंडमध्ये १९५७ साली स्केलेक्सट्रिक नावाने आला. ट्रॅकला खाच असते, गाडीच्या पोटाखालची खुंटी तिच्यात बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते. स्टिअरिंग नाहीच. आपल्या हातात फक्त वेग, आणि वळणावर तो आवरला नाही की गाडी खाचेतून उडालीच!

खाऱ्या हवेने पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. खोडरबराने घासल्या, गाडी चालू झाली. फोटो काढून स्टेटसला ठेवला, भरपूर हार्ट आले. पण खेळात लेन दोन असतात. दुसरा कंट्रोलर दादाच्या हातात असायचा, आणि घराच्या वाटणीवरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. मला जुन्या दिवसांचा गोडवा हवा होता, दादा नको होता. हाच तो मोह.

दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) भगवंत ही घसरण पायरीपायरीने दाखवतात : आसक्तीतून काम, त्यातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती ढळते आणि बुद्धी जाते. आमचं तसंच झालं. राग चढला आणि मला डबलसीट शाळेत नेणारा दादा आठवेनासाच झाला. वळणावर वेग आवरला नाही, दुसरं काय!

मग आठवणी जपायच्या कशा? आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडे बघा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. पण कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्याचा धागा नव्याला जोडता यावा. जपणं म्हणतात ते हे. जुनं पेटीत बंद करून ठेवलं तर त्याला गंजच चढतो.

त्या रात्री फोन लावला. म्हटलं, "दादा, ट्रॅक चालू झालाय. लाल गाडी तुझी." बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "वळणावर अजून उडते का रे?"

वाटणीचं अजून ठरलेलं नाही. पण यंदा गणपतीला दादा घरी येतोय.

आजचा अभ्यास : जपून ठेवलेली एखादी जुनी वस्तू हातात घ्या. तिच्याशी जोडलेलं कोण दुरावलंय, ते शांतपणे आठवा. शक्य असेल तर आजच फोन करा. ती व्यक्ती आता नसेल, तर तिचं एखादं राहिलेलं काम हाती घ्या.

देवा, आम्हाला आठवण दे, आणि आठवल्यावर उठायचं बळ दे.

राम कृष्ण हरी!