‘ॲक्सेस डिनाइड’ आलं? फॉरमॅटचे पैसे देण्याआधी हे तपासा

कालपर्यंत नीट चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर आज फाइल सेव्ह करताना ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतं. दुकानात लॅपटॉप नेला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ पण अशा अनेक तक्रारींत विंडोज धडधाकट असतं. सुरक्षेच्या एखाद्या सेटिंगने त्या सॉफ्टवेअरला अडवलेलं असतं आणि ते सेटिंग बदलायला एक रुपयाही लागत नाही.

फॉरमॅटची मजुरी काही शे रुपयांची असेल, पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, सगळं पुन्हा बसवायचं. बॅकअप अर्धवट असेल तर जुन्या वर्षांचा डेटा गेला. आणि रिटर्न भरायची मुदत तोंडावर असेल तर दिवस वाया गेला तो वेगळाच. ‘नव्या विंडोजचे’ म्हणून वेगळे पैसे सांगितले तर थेट नकार द्या. लॅपटॉपसोबत आलेलं अस्सल विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं असेल, तर त्याचा डिजिटल परवाना त्या मशीनशी जोडलेला असतो. मदरबोर्ड तोच असेपर्यंत तीच आवृत्ती पुन्हा टाकायला नवी की विकत घ्यावी लागत नाही.

म्हणून आधी अडवतंय कोण ते शोधा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. तिथे ‘प्रोटेक्टेड फोल्डर ॲक्सेस ब्लॉक्ड’ अशी नोंद आणि खाली तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर चोर सापडला. हे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’चं काम. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे फोल्डर वाचवण्यासाठी ही सोय 2017 मध्ये विंडोज 10 मध्ये आली. घरगुती संगणकावर ती मुळात बंद असते, म्हणजे कोणीतरी ती सुरू केलेली असते. गंमत अशी की काही सॉफ्टवेअर अशा वेळी ‘फाइल सापडत नाही’ असा भलताच संदेश देतात आणि माणूस फाइल शोधत बसतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्याच पानावर खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ आहे. त्यात ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’वर जाऊन ‘रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’मधून फक्त आपलं सॉफ्टवेअर निवडा. संरक्षण सगळंच बंद करून देणारा तंत्रज्ञ तुमचं काम हलकं करत नाही, तुमचा डेटा उघड्यावर टाकतो. हे मी अगदी ठामपणे सांगते.

दुसरं नेहमीचं दुखणं जुन्या सॉफ्टवेअरचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची डीटीपी किंवा सोसायटीच्या हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्येच लिहायला बघतात. साध्या खात्याला तिथे लिहायची परवानगी नसते. दुकानदार यावर कायमचं ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ लावून देतो. मग ते सॉफ्टवेअर दर वेळी संगणकाच्या सगळ्या किल्ल्या हातात घेऊन चालतं. त्यापेक्षा ते डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवा. ते जमत नसेल तर फक्त त्याच्या डेटा फोल्डरला प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट या वाटेने ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. त्याआधी डेटाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्याच.

मीटिंगमध्ये आवाज जात नसेल तर नवा हेडफोन घेण्याआधी सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त मायक्रोफोन उघडा आणि ‘लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युवर मायक्रोफोन’ सुरू आहे का ते पाहा.

स्टोअरबाहेरचं कुठलंच सॉफ्टवेअर बसत नसेल तर लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये असू शकतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, मात्र परत आत जाता येत नाही.

मॅकवर स्क्रीन शेअर होत नसेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्या आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. डाउनलोड केलेलं ॲप मॅक उघडूच देत नसेल तर त्याच पानावर तळाशी ‘ओपन एनीवे’ दिसतं. छोट्या निर्मात्यांची चांगली ॲप्सही इथे अडतात, कारण ॲपलची तपासणी करून घ्यायला लागणाऱ्या सदस्यत्वाची फी वर्षाला 99 डॉलर आहे. तरीही ॲप निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेलं असेल तरच ते बटण दाबा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘हे सेटिंग तुमची संस्था सांभाळते’ अशा अर्थाची ओळ दिसली तर बाहेर कोणालाही पैसे देऊ नका. ते कुलूप कंपनीच्या आयटी विभागाचं असतं आणि त्यांनीच उघडायचं असतं.

फोनच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’सारख्या धोकादायक परवानग्या सहज मिळत नाहीत. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून एपीके फाइल आली आणि कोणी ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ दाबायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. ते बटण दाबण्याची किंमत तुमच्या बँक खात्यातली सगळी शिल्लक असू शकते. चुकून दाबलं गेलंच तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून 1930 ला कळवा आणि बँकेला सांगून खातं गोठवा.

हे सगळं करूनही अडलं तर तंत्रज्ञाला जरूर बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे योग्यच आहेत. फक्त काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी विचारा. नेमकं कोणतं सेटिंग अडवतंय, ते स्क्रीनवर दाखवाल का, आणि फॉरमॅट केलंच तर बॅकअपची जबाबदारी कोणाची? मजुरी आधी ठरवा आणि छापील बिल घ्या. पैसे घेऊन काम झालं नाही किंवा डेटा गेला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेव्हा ते बिल हाताशी हवं.