धामण ओळखा, मारू नका

चाकण परिसरात बटाटा व कांदा ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. या भागात कारखाने, गोदामे व रस्ते वाढले, तसे माळ, झुडपे व जुने बांध कमी झाले. त्यामुळे उरलेल्या शेतात, चाळीत व गोठ्यात साप दिसताच काठी उचलली जाते. यात सर्वाधिक बळी जातो तो बिनविषारी धामणीचा.

धामण दिवसा फिरते. ती उंदरांच्या बिळात शिरते, भक्ष्य बिळाच्या कडेला दाबून धरते व जिवंतच गिळते. धामण मारणे म्हणजे उंदरांना शेत मोकळे करून देणे होय.

ओळख
धामण : लांब, सडपातळ, रंग पिवळसर तपकिरी ते काळपट. डोळे मोठे, बाहुली गोल. ओठांवर काळ्या उभ्या रेषा व शेपटीकडे काळी जाळी. डिवचल्यास मान फुगवते. परंतु फणा काढत नाही.
नाग (विषारी) : फणा काढतो.
घोणस (विषारी) : जाड शरीर, त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज.

गैरसमज
धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे खरे नाही. गोठ्यात ती उंदरांमागे येते. तिच्या शेपटीत विषारी काटा नसतो. एकमेकांस पीळ घालून उभी राहणारी जोडी ही नाग-धामणीची नसून झुंजणाऱ्या दोन नर धामणींची असते.

काय करावे?
१) बांधावरील सर्वच झुडपे तोडू अगर जाळू नयेत.
२) चाळ व गोठ्यालगत विटा, लाकडे, पाचट यांचे ढीग ठेवू नयेत. वापरात नसलेली जाळी गुंडाळून ठेवावी. त्यात साप अडकून मरतात.
३) विषारी आमिषाने मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत.
४) साप स्वतः पकडू नये. लांबून लक्ष ठेवावे व वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार धामण मारणे गुन्हा आहे.
५) रात्री बॅटरी व बूट वापरावेत. सर्पदंश झाल्यास साप ओळखण्यात वेळ दवडू नये. जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे.

काठी उगारण्यापूर्वी क्षणभर लांबूनच पाहा. समोर धामण असेल, तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.