पिवळे रोप हिरवे कसे होते

गतवर्षी ज्येष्ठात आमच्या आंबिवलीस मोड आलेले काही भात पेंढ्याखाली राहून गेले. पेंढा उचलला तो रोप बोटभर उंच, पण फिकट पिवळे. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मी युरियाचे पोते फोडले. ते पैसे व्यर्थ गेले. झाकल्या जागेवर खत पडण्यापूर्वीच दुसऱ्या सायंकाळी रोप हिरवे दिसू लागले होते. त्यास हवा होता तो उजेड.

पानांच्या पेशींत हरितकण असतात. अंधारात त्यांची वाढ अर्ध्यावर थांबते. हरितद्रव्याची पूर्वावस्था सिद्ध असते, परंतु भातासारख्या सपुष्प वनस्पतींत तिचे हरितद्रव्य बनविणारे विकर प्रकाशावाचून चालत नाही. उजेड पडताच ते चालू होते व कणाच्या आत पातळ पडद्यांच्या चवडी रचल्या जातात.

या पडद्यांत कामाची वाटणी आहे. प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांनी गुडचाइल्ड व पार्क यांजसह १९७० साली दाखविले की, चवडींना जोडणाऱ्या सुट्या पडद्यांत केवळ पहिली प्रकाशयंत्रणा असते. पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडणारी दुसरी चवडींत असते. साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले.

तेव्हा खत टाकण्यापूर्वी पान पाहावे. खालची जुनी पाने पिवळी पडल्यास बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने फिकट, शिरा मात्र हिरव्या, असे दिसल्यास लोहाची उणीव समजावी. लोह हरितद्रव्यात नसते, पण ते घडविण्यास लागते. अशा वेळी शेकडा अर्धा हिराकस पाण्यात विरघळवून फवारावा.