जुन्या ट्रकचा हँडब्रेक : जोडकामाआधी हिशेब

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील डॉज-फार्गो, उत्तरपाड्याची बेडफोर्ड, १९५४ पासून जमशेदपूरला बनलेली टाटा-मर्सिडीज. अशा जुन्या गाड्या आता मूळ भागांसह क्वचितच मिळतात. एकीचा गिअरबॉक्स, दुसरीचा मागचा एक्सल. गाडी धावते, पण हँडब्रेक अर्धवट राहतो. गठ्ठे उतरवणारे हमाल गाडीच्या मागेच उभे असतात, म्हणून मालक व मिस्त्री दोघांनी हे काम समजून घेतले पाहिजे.

प्रथम ब्रेक कोठे आहे ते पाहा. अनेक जुन्या अमेरिकन ट्रकांत तो गिअरबॉक्समागे, लांब शाफ्टवरील ड्रमवर असतो. त्याची पकड डिफरन्सियलमधून चाकापर्यंत कित्येक पटींनी वाढते. डिफरन्सियल सहास एक असेल तर जोर सहापट. चाकाच्या ड्रमवरील ब्रेकला ही वाढ मिळत नाही. म्हणून शाफ्टब्रेकची दांडी व सळई तशीच चाकांच्या ब्रेकला जोडली, तर दांडी घट्ट लागते, पण गाडी उतारावर सरकते.

उलट, शाफ्टब्रेकच्या गाडीचे मागचे एक चाक जॅकवर उचलले की ब्रेक लावलेला असूनही गाडी घरंगळू शकते, कारण उचललेले चाक उलट फिरून दुसऱ्याला मोकळीक देते. शाफ्ट काढला तर ब्रेकच उरत नाही. अशा वेळी चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय हात घालू नये.

आता हिशेब. दांडीची मूठ खिळीपासून ६० सेंटिमीटर आणि सळईची पिन १० सेंटिमीटरवर असेल, तर जोर सहापट होतो. हाताचा ३० किलोचा जोर सळईवर १८० किलो होईल. पण मूठ ४८ सेंटिमीटर सरकली तरी सळई ८ सेंटिमीटरच सरकेल. चाकांच्या ब्रेकला ४ सेंटिमीटर पुरत असतील, तर मध्ये १२ व ६ सेंटिमीटर बाहूंचा क्रँक बसवा. सळई लांब बाहूला, ब्रेक आखूड बाहूला जोडा. ओढ ३६० किलो, सरक ४ सेंटिमीटर. घर्षणात थोडा जोर जाईल. जोर वाढवला की सरक घटते, दोन्ही एकदम मिळत नाहीत. त्यामुळे आधी दोन्ही टोकांची मापे घ्या, मग लोखंड कापा.

कारागीर बंधूंनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. आधी ड्रममधील लायनिंग नीट बसवा. सळई आवळून लायनिंगची झीज झाकू नका.

२. दोन्ही चाकांना ओढ सारखी वाटणारी आडवी पट्टी मध्ये घाला.

३. पूर्ण ओढीच्या वेळी क्रँकचा बाहू व सळई काटकोनाजवळ यावीत.

४. पिनेच्या जागी आटे असलेला बोल्ट नको. योग्य पिन व स्प्लिट पिन हवी. तार बांधून काम भागवू नका.

५. पाटे दबले की एक्सल हलतो. रिकाम्या व भरलेल्या, दोन्ही अवस्थांत केबल फार ताणते किंवा सैल पडते का ते पाहा.

शेवटी भरलेली गाडी उतारावर, आधी चढाकडे व मग उताराकडे तोंड करून तपासा. ठोकळे चाकांपासून बोटभर दूर ठेवा आणि मागे कोणालाही उभे राहू देऊ नका. गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर बंधने आहेत. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करा. थान मोजताना आपण गज सरळ धरतो, तसेच मोजमाप येथेही हवे. येथे चूक झाली तर नुकसान मालाचे नव्हे, माणसाचे होते.